कंपनीनं काढलेला पीसी गाळ्यात चालेल का?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. दोन सीएनसी टर्निंग मशिन आणि एक व्हीएमसी. टॅली, ई-वे बिल, पार्टीकडून आलेली ड्रॉइंग उघडणं आणि मशिनवर प्रोग्राम चढवणं, एवढ्यासाठी डेस्कटॉप हवा आहे. पिंपरीतल्या एका दुकानदारानं आयटी कंपनीतून निघालेले रिफर्बिश्ड पीसी दाखवले. दिसायला चकाचक, भावही परवडणारा. पण यंत्र चांगलं होतं तर कंपनीनं चार वर्षांत का काढलं? आणि घ्यायचंच झालं तर काय काय तपासू?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. तिचं उत्तर कंपनीच्या हिशेबवह्यांत मिळतं. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप आणि लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलं आहे, सर्व्हरचं सहा. आयकरात संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा लागतो, म्हणजे तीन वर्षांनी पुस्तकी किंमत मूळच्या जेमतेम २२ टक्के उरते. जागेवर येऊन दुरुस्त करून देण्याची वॉरंटीही बहुधा त्याच सुमारास संपते. हिंजवडीत किंवा तळवड्यात हजार खुर्च्यांचं ऑफिस चालवणाऱ्याला वॉरंटीबाहेरची यंत्रं एकेक करून सांभाळत बसणं परवडत नाही. शिवाय बरीच यंत्रं लीजवर घेतलेली असतात. मुदत संपली की अख्खा लॉट परत जातो आणि नवा येतो. चालती यंत्रं बाजारात येतात ती अशी.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ची भर पडली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय ठेवली, एवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. ही अट न बसणारी, पण एरवी धडधाकट अशी सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं त्यामुळे ढिगानं बाहेर पडली. दुकानदारानं दाखवलेला ‘आय५’ कितव्या पिढीचा आहे, हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा. ते मॉडेलच्या आकड्यातच लिहिलेलं असतं : आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी. फरक नुसत्या नावाचा नाही. ६५०० मध्ये चार कोअर आहेत, ८५०० मध्ये सहा. ‘आय७ आहे साहेब’ एवढ्यावर भुलू नका. २०११ चा आय७-२६०० कामाला आठव्या पिढीच्या आय३-८१०० च्या मागे पडतो.

तुमच्या कामासाठी मी आठव्या पिढीच्या खालचं यंत्र सुचवणार नाही. ज्या यंत्रावर जीएसटीचं लॉगिन, बँक आणि पार्टीची ड्रॉइंग आहेत, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळायलाच हवेत. अट चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढवण्याच्या युक्त्या आहेत, दुकानदार तसं करूनही देईल. पण पुढच्या मोठ्या अपडेटला ते यंत्र अडून बसलं, तर महिनाअखेरच्या बिलिंगच्या धांदलीत तुम्हीच अडकाल. मशिनवर प्रोग्राम चढवण्यासाठी मात्र सहाव्या पिढीचं स्वस्त यंत्र वेगळं घेतलंत आणि त्याला इंटरनेट अजिबात जोडलं नाही, तर ते खुशाल चालेल. हिशेब आणि मशिन ही दोन कामं दोन यंत्रांवर असलेली मला जास्त पसंत आहेत.

आता तब्येतीचं. जुनं लेथ घेताना तुम्ही रंग बघत नाही, बेडची झीज आणि स्पिंडलचा प्ले बघता. इथंही तेच करायचं. प्रोसेसर आणि रॅममध्ये हलणारं काही नसतं. एसी ऑफिसात एक्सेल आणि ईमेल चालवून ते चार-पाच वर्षांत थकत नाहीत. झिजतात त्या ठरावीक गोष्टी : डिस्क, पंखा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी आणि वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधले कॅपॅसिटर. यातला एसएमपीएस सोडला तर बाकी दुरुस्ती स्वस्तात होते. दुकानात झाकण उघडून दाखवायला सांगा. कॅपॅसिटरची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा वर तपकिरी चिकटा आलेली दिसली, तर पुढचं काही न बघता दुसरं यंत्र मागा.

डिस्कवर विशेष लक्ष द्या. माहिती बाहेर जाऊ नये म्हणून बऱ्याच कंपन्या यंत्र विकण्याआधी मूळ डिस्क काढून नष्ट करतात. म्हणजे तुमच्या हाती येते ती बहुधा दुकानदारानं घातलेली, आणि भाव पाडण्यासाठी पहिली काटछाट तिथेच होते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर दुकानातच चालवून डिस्क एकूण किती तास चालली ते वाचा. दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर पाच वर्षांत बारा हजार तास होतात. चाळीस हजारांच्या पुढचा आकडा दिसला तर ती डिस्क रात्रंदिवस चालणाऱ्या कुठल्या तरी यंत्रातून आली आहे. फिरती हार्डडिस्क असेल तर ती काढून चांगल्या कंपनीची एसएसडी घालाच. तुम्हाला आरपीएमची भाषा रोजची आहे. हार्डडिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर डोकं सरकायला लागणारा वेळ. विंडोज सुरू होताना अशा हजारो उड्या माराव्या लागतात. एसएसडीत काहीच फिरत नाही, प्रत्येक उडीला मिलिसेकंदाचा एखादा दशांश पुरतो. जुन्या पीसीवर खर्च केलेल्या रुपयाचा सर्वांत जास्त मोबदला इथे मिळतो.

कंपनीतून आलेल्या यंत्रात आणखी एक गोष्ट असते, जी नव्यात कधीच नसते : कुलूप. यंत्र सुरू होताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून बायॉसमध्ये जा. तिथं पासवर्ड मागितला तर यंत्र घेऊ नका. दुसरं कुलूप जास्त छुपं आहे. मोठ्या कंपन्या आपली यंत्रं मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवतात. ती नोंद यंत्राच्या हार्डवेअरशी जोडलेली असते, डिस्क बदलली तरी जात नाही. दुकानात सगळं ठीक दिसतं. वर्षभरानं तुम्ही विंडोज नव्यानं टाकायला जाता आणि पडद्यावर त्या जुन्या कंपनीचं नाव येतं, तिथल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन मागतं. ती नोंद त्या कंपनीनं किंवा तिच्या वतीनं मायक्रोसॉफ्टनंच काढावी लागते. म्हणून विंडोज तुमच्यासमोर, इंटरनेट जोडून, नव्यानं टाकायला सांगा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, त्याला ‘नाही’ म्हणणाऱ्याकडून यंत्र घेऊ नका.

लायसन्सही तिथंच बघून घ्या. सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स’ असं आलं तर ठीक. ‘तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेद्वारे’ अशा अर्थाचा मजकूर असेल, तर तुमच्या गाळ्यात अशी कुठलीही सेवा नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. ती चोरवाट असते. तसं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि ते जिवंत ठेवणारं सॉफ्टवेअर यंत्रात काय काय करत बसतं ते कोणी सांगू शकत नाही. त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करायचे आहेत, हे विसरू नका.

काचेची बाजू, रंगीत दिवे आणि कोरं कॅबिनेट असलेला ‘नवा’ पीसी त्याच भावात कोणी देऊ केला तर सावध व्हा. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर घेऊन त्याला बसेल असा नव्यानं बनवलेला बेनामी मदरबोर्ड जोडायचा, हा धंदा देशभर चालतो. त्यापेक्षा ओरखडे पडलेला ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क किंवा थिंकसेंटर असा ब्रँडेड ऑफिस-पीसी कितीतरी बरा. ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ हे शिक्के बहुतेक वेळा बाहेरच्या पत्र्यापुरते असतात. डेलच्या डब्यावर सात अक्षर-आकड्यांचा सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र कधी आणि काय काय घालून कारखान्यातून निघालं ते दिसतं.

या ऑफिस-पीसींचा तुमच्यासारख्यांना होणारा मोठा फायदा दुकानदार सहसा सांगत नाही. यांतल्या अनेकांच्या मागे नऊ पिनांचा खरा सिरियल पोर्ट असतो, किंवा छोटी पट्टी घालून तो बसवता येतो. घरगुती वापराच्या नव्या पीसीत तो जवळपास दिसेनासा झाला. तुमच्या सीएनसीचा कंट्रोल जुना असेल आणि प्रोग्राम आरएस-२३२ केबलनं जात असेल, तर या पोर्टची किंमत तुम्हाला सांगायला नको. यूएसबीवरून सिरियल करून देणारे स्वस्त अ‍ॅडॅप्टर मधेच अक्षरं गाळतात, आणि प्रोग्राममधलं एक दशांश चिन्ह गळलं तर टूल कुठं जाईल हे सेटरला विचारा. बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्हीकडे सारखे ठेवा. केबल १५ मीटरच्या आत ठेवा आणि ती जोडताना-काढताना पीसी व मशिन दोन्ही बंद असू द्या.

खरेदी पक्क्या बिलावरच करा. बिलावर मॉडेल, सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर, रॅम, डिस्क आणि वॉरंटीचा काळ लिहून घ्या. काही बिनसलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही असं सर्रास सांगितलं जातं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मात्र केवळ स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला व्यापारी हेतूतून वगळलं आहे. स्वतः मशिनवर उभं राहून गाळा चालवणाऱ्यानं हा मुद्दा लक्षात ठेवावा.

शेवटी, यंत्र आणल्यावर ते शॉप फ्लोअरवर ठेवू नका. ऑफिस-पीसी एसीच्या हवेसाठी बनवलेला असतो. बीडाच्या बारीक कणांतून वीज वाहते, कूलंटचं धुकं त्या कणांना बोर्डावर चिकटवून ठेवतं. केबिनमध्ये, जमिनीपासून दोन फूट वर, दारापासून लांब ठेवा. दर तीन महिन्यांनी हँड ब्लोअरनं साफ करा आणि त्या वेळी पंखा बोटानं धरून ठेवा. गाळ्यातल्या कॉम्प्रेसरची हवा त्यावर कधीही मारू नका. त्या हवेतून पाणी आणि तेल येतं, आणि ते थेट मदरबोर्डवर जातं.

प्रश्न : चाकणला महाळुंगेत आमचं छोटं युनिट आहे. रिफर्बिश्ड पीसी घेतला. यूपीएस असूनही लाइट गेली की पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो. शिवाय डब्याच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. दुकानदार म्हणतो एसएमपीएस जुना झाला, बदला. खरं का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. झिणझिण्यांचं आधी, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

संगणकाच्या प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी रचना आहे. अर्थिंग तुटलेली असेल तर तो कुठंच जात नाही आणि पत्रा दोघांच्या मध्ये, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर, लटकत राहतो. प्रवाह फार थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. कोरा पीसी त्या सॉकेटला लावलात तरी तेच होईल. पण एखादी फेजची वायर खरोखरच पत्र्याला टेकली असण्याचीही शक्यता असते आणि दोन्हींतला फरक हातानं कळत नाही. वायरमनला आजच बोलवा. त्यानं मीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजावा : एकदा गुरुवारच्या सुट्टीला सगळी मशिन बंद असताना, आणि एकदा वेल्डिंगसकट सगळं चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. चालू कामात तो चढत असेल तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे किंवा जोड सैल आहेत. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं काम कोणाचं, हे युनिटमध्ये ठरवून टाका. आणि सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ‘अर्थिंग करून दिली’ असं कोणी म्हणालं तर त्याला ते ताबडतोब सोडवायला लावा. न्यूट्रल कुठं तुटला तर त्या जोडणीनं पत्र्यावर अख्खे २३० व्होल्ट येतात.

हे नीट झाल्याशिवाय या पीसीला सीएनसीची केबल लावू नका. एकाचा पत्रा वर लटकलेला आणि दुसऱ्याचा नीट अर्थ केलेला असेल, तर तो फरक सिरियल पोर्टमधून वाहतो. कंट्रोलचा पोर्ट जळाला की खर्च अख्ख्या पीसीच्या वर जाऊ शकतो.

आता यूपीएस. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला साध्या यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात, बहुधा दहाच्या आत. तेवढा वेळ एसएमपीएसनं स्वतःच्या साठ्यावर काढायचा असतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. कॅपॅसिटर थकले की हा वेळ घटतो, म्हणून दुकानदाराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण आधी स्वस्त कारणं काढून टाका. यूपीएसला फक्त साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब विझला तर यूपीएसची बॅटरी संपली. ती दोन-तीन वर्षांत जातेच. बल्ब चालू राहिला तर तिसरं कारण बघा : यूपीएसच्या विजेचा आकार. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत साइन वेव्हऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची लाट देतो. ब्रँडेड ऑफिस-पीसीच्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाची रचना असते आणि त्यांतल्या काहींना ही लाट झेपत नाही, ते स्वतःला बंद करून घेतात. शेजारच्या युनिटमधला साइन वेव्ह यूपीएस तासाभरासाठी आणून बघा. त्यावर पीसी टिकला तर एसएमपीएस बदलायची गरज नाही. टिकला नाही तर मग दुकानदाराचं ऐका.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. त्याच्यासाठी आडवा, पातळ एचपी एलिटडेस्क घेतला, सहाव्या पिढीचा आय५, रॅम आठ जीबी. सॉलिडवर्क्ससाठी ग्राफिक्स कार्ड हवं म्हणतो. एक जण म्हणाला ४५० वॉटचा एसएमपीएस घालून मोठं कार्ड बसवून देतो. करावं का?
– एक पालक, निगडी

उत्तर : नको. त्या पातळ डब्यात बाजारातला एसएमपीएस मावत नाही, आणि एचपी-डेलच्या अशा बोर्डांचे वीजजोडही वेगळे असतात. कन्व्हर्टर लावून, झाकण उघडं ठेवून चालवणारे आहेत. मुलाच्या खोलीत तसं यंत्र ठेवू नये.

या डब्याला दोन मर्यादा आहेत. कार्ड अर्ध्या उंचीचं लागतं आणि त्याला वीज फक्त स्लॉटमधून मिळते, जी नियमानं जास्तीत जास्त ७५ वॉट असते. त्यातही मूळ एसएमपीएस २०० वॉटच्या आसपासचा, म्हणून ३०-४० वॉटच्या कार्डाच्या वर जाऊ नका. एनव्हिडियाचं क्वाड्रो पी४०० किंवा टी४०० हे ३० वॉटचं, पी६२० किंवा टी६०० हे ४० वॉटचं. ही कामाची कार्डं आहेत, कॅडसाठीच बनवलेली. कंपन्यांच्या वर्कस्टेशनमधून निघालेली जुनीही मिळतात. जीटी १०३० घेणार असाल तर त्याच नावाचे दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेवा : जीडीडीआर५ मेमरीचं चांगलं, डीडीआर४ चं बरंच हळू.

खरं सांगायचं तर दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातले पार्ट आणि छोट्या असेंब्ली प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालतात. आधी रॅम सोळा जीबी करा आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत ठेवा. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरतं, आणि दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन रस्ते मिळतात. बोर्ड डीडीआर३ चा आहे की डीडीआर४ चा ते उघडून पट्टीवर वाचा, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅम फार स्वस्त मिळते, पण ती या यंत्रात चालत नाही. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीनं रॅमचे भाव जोरात चढले. त्यामुळे आता घेणाऱ्यांना माझं सांगणं असं की, नंतर वाढवू म्हणून आठ जीबीचं यंत्र घेण्यापेक्षा सोळा जीबी आधीच असलेलं शोधा. आणि पुढे कार्ड घालायचा विचार असेल तर पातळ डबा न घेता उभा टॉवर घ्या.

प्रश्न : वर्षभर नीट चाललेला पीसी चार दिवस बंद होता. आता सुरू केला की बीप वाजतात, पडदा काळाच राहतो. मेकॅनिक म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.
– एक वाचक, चिखली

उत्तर : बीप वाजतात म्हणजे मदरबोर्ड अजून बोलतो आहे. तो तक्रार सांगतोय. किती बीप, लांब की आखूड, सोबत दिवा कोणत्या रंगाचा किती वेळा लुकलुकतो, हे मोबाइलवर चित्रित करा आणि त्या मॉडेलच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ बघा. बहुतेकदा बोट रॅमकडे जातं. वायर भिंतीतून काढा, सुरू करण्याचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, मगच झाकण उघडा. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी दातांवरून पांढरं खोडरबर अगदी हलक्या हातानं फिरवा, कण झटका, जमल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग एकच पट्टी, एकेका खाचेत घालून बघा. पावसाळ्याच्या दमट हवेत बंद पडून राहिलेल्या यंत्राला एवढ्यानं जाग येते, हे दुरुस्तीवाल्यांच्या रोजच्या अनुभवातलं आहे.

त्यानं झालं नाही तर सीआर२०३२ बॅटरी बदला. ती संपली की तारीख मागे जाते, सुरू होताना तारीख-वेळ नोंदलेली नाही असा संदेश येतो, आणि तारीख चुकल्यामुळे बँकेची किंवा जीएसटीची संकेतस्थळं ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत. लोक तेव्हा इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. डेलचं यंत्र असेल तर एसएमपीएसच्या मागे बहुधा छोटं बटण आणि हिरवा दिवा असतो. वायर लावून बटण दाबल्यावर दिवा लागला नाही तर दोष बहुधा एसएमपीएसचा. एवढं सगळं बघितल्याशिवाय ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य मान्य करू नका. आणि यंत्र दुरुस्तीला देण्याआधी डिस्क काढून घरी ठेवा. टॅलीचा डेटा तिच्यात आहे.

प्रश्न : जुना, पूर्ण मेलेला पीसी भंगारवाल्याला दिला तर काय बिघडतं? तो चार पैसे तरी देतो.
– एक वाचक, मोशी

उत्तर : पत्रा आणि तांबं काढून घेतल्यावर उरलेल्या बोर्डाचं काय होतं, ते बघावं लागेल. केबलवरचं प्लास्टिक उघड्यावर जाळलं जातं, बोर्डावरच्या सोन्या-तांब्यासाठी अ‍ॅसिड वापरलं जातं आणि उरलेलं पाणी नाल्यातून पवनेत, इंद्रायणीत उतरतं. कुदळवाडीच्या भंगार गोदामांच्या आगी आणि धूर चिखली-मोशीकरांनी वर्षानुवर्षं सोसला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथं मोठी पाडापाडी केली, पण तुमच्या-आमच्या घरातून निघणारा ई-कचरा त्यानं कमी झाला नाही.

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार जुन्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि रिफर्बिश करणारा व पुनर्चक्रण करणारा या दोघांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद करावी लागते. म्हणून आधी उत्पादकाच्या संकेतस्थळावर परत देण्याची सोय बघा, नाहीतर नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्या. एकट्या घराचा एक डबा न्यायला कोणी येत नसेल तर सोसायटीत महिनाभर गोळा करून एकदम द्या. पूर्ण मेलेल्या यंत्रातलेही रॅम, प्रोसेसर, पंखा आणि कॅबिनेट बहुधा चांगले असतात. त्याच मॉडेलचा पीसी वापरणाऱ्या एखाद्या गाळेवाल्याला ते सुटे भाग म्हणून हवे असतात, तेव्हा आधी आसपास विचारून बघा. डिस्क मात्र कोणालाही देताना आधी पूर्ण पुसा, आणि चालतच नसेल तर ड्रिलिंग मशिनखाली धरून तिच्या तबकड्यांना आरपार भोकं पाडा. एसएसडी असेल तर आतली प्रत्येक मेमरी चिप फुटली आहे ना, ते झाकण उघडून बघा.